जुन्या मालट्रकची चाके आणि यतनेचा हिशेब

गावाबाहेर मार्केट यार्डे उभी राहिली त्यापूर्वी धान्य, कापूस, गूळ, हळद आणि किराणा यांचा व्यापार ज्या जुन्या पेठांतून चाले, त्या पेठांतील काही पेढ्यांच्या मागच्या आवारात आजही एखादा वयोवृद्ध मालट्रक उभा असलेला दिसतो. त्याच्या फळ्यांचा रंग उडालेला असतो, दर्शनी भागावरील नाममुद्रा पुसट झालेली असते आणि टायर मातीत रुतलेले असतात. तरीही घरातील ज्येष्ठ मंडळी तो भंगारात द्यायला तयार होत नाहीत. आडतीचा व्यवसाय बैलगाडीवरून मोटारीवर आला तो याच वाहनामुळे, ही कृतज्ञता त्यामागे असते. अलीकडे घराघरांतील तरुण पिढी असे ट्रक पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या खटपटीला लागली आहे. ही हौस स्तुत्यच आहे. मात्र इंजिन, रंग आणि केबिन यांवर मन लावून खर्च करणारे हात चाकांपाशी येताच आखडतात, आणि नेमका तेथेच जिवाचा प्रश्न असतो.

या वाहनांचा इतिहास जैन वाचकांना परका नाही. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि १९४७ पासून मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर समूहाच्या सहकार्याने वाहने बाहेर पडू लागली. डॉज आणि फार्गो ही ट्रकची नावे त्यामुळे महाराष्ट्राच्या बाजारपेठांत घरोघरी पोहोचली. १९५४ मध्ये टाटांच्या जमशेदपूर येथील कारखान्यात डेमलर-बेंझच्या सहकार्याने टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले आणि त्यानंतर दर्शनी भागावरील तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटांचे इंग्रजी 'टी' अक्षर आले. उत्तरपाडा येथील हिंदुस्तान मोटर्सच्या बेडफर्ड आणि मद्रासजवळील एन्नोरच्या लेलँड कॉमेट या गाड्याही त्याच काळातल्या. या सर्व वाहनांत एक गोष्ट समान होती. त्यांची चाके आजच्या मोटारीच्या चाकांप्रमाणे अखंड नव्हती, तर अनेक तुकड्यांची होती.

चाकाची रचना

जुन्या ट्रकचा टायर जाड आणि ताठ असतो. मोटारीचा टायर टॉमीने रिमवर चढवता येतो, तसा हा चढत नाही. म्हणून अशा चाकाची रिम सुटी करता येईल अशी बनविली जाई. एक मूळ रिम, तिच्या एका बाजूला टायरची कडा धरून ठेवणारी साइड रिंग आणि त्या साइड रिंगला जागेवर रोखणारी लॉक रिंग, असे तीन भाग त्यात असतात. काही रिमांत शेवटच्या दोन रिंगांचे काम एकच रिंग करते. लॉक रिंग एके ठिकाणी चिरलेली असते, त्यामुळे ती किंचित फाकवून रिमच्या खाचेत बसविता येते. टायरच्या आत ट्यूब असते आणि ट्यूब रिमला घासू नये म्हणून दोहोंच्या मध्ये रबरी फ्लॅप असतो.

या रचनेत नट किंवा बोल्ट रिंगांना धरून ठेवत नाहीत. हवा भरली की टायरची कडा साइड रिंगवर रेटते, साइड रिंग लॉक रिंगवर रेटते आणि लॉक रिंग खाचेत घट्ट बसते. ज्या हवेच्या जोरावर चाक एकसंध राहते, तोच जोर एखादी रिंग नीट बसलेली नसेल तर तिला तोफेच्या गोळ्यासारखे बाहेर फेकतो.

हा जोर किती असतो, याचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ९.००-२० मापाच्या टायरची रुंदी सुमारे नऊ इंच आणि रिमचा व्यास वीस इंच. त्यात शंभर पौंड हवा भरली म्हणजे प्रत्येक चौरस इंचावर शंभर पौंडांचा दाब आला. रिंगेवर हा दाब शेकडो चौरस इंचांच्या क्षेत्रातून एकवटतो आणि एकूण जोर दहा टनांच्याही पुढे जातो. आपल्याच रिकाम्या ट्रकच्या वजनाहून मोठा जोर त्या अंगठ्याएवढ्या जाडीच्या लोखंडी कड्यावर सतत येत असतो. ते कडे सुटले तर बाजूला होण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही.

अमेरिकेत अशा चाकांनी इतके बळी घेतले की तेथील कामगारांच्या बोलीत त्यांना 'विधवा करणारी चाके' असे नाव पडले. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या तेथील शासकीय यंत्रणेने १९८० मध्ये अनेक तुकड्यांच्या चाकांसाठी स्वतंत्र नियम लागू केले आणि १९८४ मध्ये जड वाहनांच्या अखंड चाकांनाही त्यांत आणले. आपल्याकडील कोणत्याही गॅरेजात तेच नियम पाळता येतील इतके ते सोपे आहेत.

दोष कोठून येतो

चांगल्या स्थितीतील, एकमेकांशी जुळणाऱ्या भागांची आणि नीट बसविलेली अशी चाके कोट्यवधी किलोमीटर माल वाहत आली आहेत. धोका निर्माण होतो तो मुख्यतः चार कारणांनी.

पहिले कारण गंज. पावसाळ्यामागून पावसाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रकच्या रिमच्या खाचेत गंजाचे थर साचतात. लॉक रिंग वरून बसल्यासारखी दिसते, पण प्रत्यक्षात ती गंजाच्या थरावर टेकलेली असते. दुसरे कारण भागांची सरमिसळ. एका कंपनीची रिम, दुसरीची साइड रिंग आणि भंगार बाजारातून आणलेली तिसरीची लॉक रिंग ठोकून बसविली की ती बसते खरी, पण तिचा उतार आणि जाडी खाचेशी जुळत नाही. भागांवर कोरलेले माप आणि प्रकार एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहिल्याशिवाय ते एकत्र वापरू नयेत, असा स्पष्ट नियम आहे. नुसते दिसायला सारखे असणे पुरेसे नाही.

तिसरे कारण कमी हवेवर चाललेले चाक. हवा कमी असताना टायर रिमवर हलतो आणि रिंगा जागा सोडतात. असे चाक गाडीवरच ठेवून पुन्हा हवा भरणे हे अनेक अपघातांचे मूळ आहे. ठरलेल्या दाबाच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेले चाक पूर्ण हवा सोडून उतरवावे आणि सर्व भाग तपासल्यावरच पुन्हा भरावे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या ट्रकच्या बाबतीत तर कॉम्प्रेसरची नळी लावण्याचा मोह पहिल्याच दिवशी आवरला पाहिजे. चौथे कारण हातोडा आणि वेल्डिंग. हवा भरलेल्या चाकाची रिंग ठोकून 'बसविणे' म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. तडा गेलेल्या रिमला वेल्डिंग करणे निषिद्ध आहे. टायर चढविलेल्या रिमला आच देणे तर त्याहून घातक. हवा सोडलेली असली तरी आतील रबर तापून वायू तयार होतो आणि टायर फुटू शकतो.

जीव कोणाचा धोक्यात असतो

ट्रकचा मालक हवा भरताना सहसा चाकाशेजारी बसत नाही. तेथे बसतो पंक्चरच्या टपरीवरचा एखादा पोरसवदा कामगार. त्याच्या हातात गेज नसते, पिंजरा त्याने पाहिलेला नसतो आणि लॉक रिंगेचे चाक त्याच्याकडे महिनोन्महिने येत नाही. 'शेठ, काही होत नाही,' असे म्हणून तो चाकावरच पाय रोवतो. समोर उभा असलेला मालक घड्याळाकडे पाहत असतो, कारण दसऱ्याच्या पूजेला ट्रक दारात हवा असतो.

श्रावकाच्या अणुव्रतांचा विचार येथे सुरू होतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येच्या केंद्रस्थानी प्रमाद आहे. मारण्याची इच्छा नसली तरी बेफिकिरीमुळे जीव गेला, तर दोषातून सुटका नाही. मुनींच्या पाच समित्यांपैकी आदाननिक्षेपण समिती वस्तू उचलण्यात व ठेवण्यात सावधानता सांगते. तिचा पूर्ण आचार गृहस्थाकडून अपेक्षित नसला तरी तिचे मर्म म्हणजे यतना, ज्याला घराघरांत जयणा म्हणतात, ती गृहस्थाचीही आहे. पाणी गाळून पिणारे आणि दिवेलागणीपूर्वी जेवणारे घर, परक्याच्या मुलाला दहा टनांच्या जोरासमोर विनापिंजरा बसवते, तेव्हा यतना अर्धीच राहते.

अहिंसा अणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, सांगितले आहे. तो विचार मुळात बैल आणि उंट यांच्यासाठी होता. पण ट्रकवर क्षमतेबाहेर माल लादला की टायर तापतो आणि रिम वाकते, आणि त्याची किंमत चालक, क्लीनर व रस्त्यावरचे लोक मोजतात. पंधरा कर्मादानांत वाहने बनविणे-विकणे आणि भाड्याने देणे यांचा समावेश पूर्वाचार्यांनी का केला असेल, याचा उलगडा अशा वेळी होतो. हे व्यवसाय आज टाळता येत नसतील, तर निदान त्यांतील हिंसा कमी करणे तरी हातात आहे.

योग्य दुकान कसे ओळखावे

जुन्या ट्रकच्या चाकांसाठी योग्य कारागीर शोधताना एक अडचण येते. हमरस्त्यावरील चकचकीत टायर दुकानांत यंत्रे उत्तम असतात, पण तेथील तरुण कामगारांना ट्यूबलेस रेडियल टायरची सवय असते. लॉक रिंगेचे चाक त्यांनी कधी उघडलेलेही नसते. उलट, जुन्या मिस्त्रीच्या हाताला या चाकांची ओळख असते, पण त्याच्याकडे सुरक्षिततेची साधने नसतात. दोन्ही गोष्टी एकत्र मिळण्याचा संभव ट्रक टर्मिनसजवळच्या जड वाहनांच्या मोठ्या दुकानांत, तसेच खाणीतील डंपर, क्रेन आणि फोर्कलिफ्ट यांचे टायर हाताळणाऱ्या दुकानांत अधिक असतो, कारण अशा यंत्रांवर अनेक तुकड्यांची चाके आजही वापरात आहेत.

दुकान निवडताना दर विचारण्यापूर्वी काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. हवा भरण्यासाठी मजबूत लोखंडी पिंजरा आहे का, आणि तो कोपऱ्यात धूळ खात पडला आहे की रोजच्या वापरात आहे? टायरच्या कमाल दाबाच्या दीडपट दाबाने चाक फुटले तरी तुकडे आतच राहतील इतका पिंजरा भक्कम असावा. चाकाभोवती साखळी गुंडाळणे किंवा रिमच्या भोकांतून टॉमी घालणे म्हणजे पिंजरा नव्हे. हवेच्या नळीला व्हॉल्व्हवर आपोआप पकड घेणारे टोक हवे, म्हणजे हाताने धरून बसावे लागत नाही. नळी इतकी लांब असावी की कामगार रिंगेच्या फेकीच्या बाहेर उभा राहील, आणि गेज व हवा बंद करण्याची कळ त्याच्या बाजूला असावी.

कामाची पद्धतही पाहावी. चांगला मिस्त्री चाक उघडण्यापूर्वी व्हॉल्व्हमधील पिन काढून हवा पूर्ण सोडतो आणि छिद्र तारेने मोकळे आहे याची खात्री करतो. मागच्या जोडचाकांत तो बाहेरच्या चाकाचे नट सोडण्यापूर्वी आतल्या व बाहेरच्या दोन्ही टायरची हवा काढतो. कारण तडकलेली रिम कधी कधी केवळ नटांच्या आवळणीवर तग धरून असते. रिंग आणि खाच तो तारेच्या ब्रशने स्वच्छ करतो, तडे, वाक आणि गंजाचे खड्डे शोधतो आणि हवा भरल्यावर चाक पिंजऱ्यात असतानाच रिंग सर्व बाजूंनी बसली आहे का ते पाहतो. ती बसलेली नसेल तर तो ठोकत नाही, हवा सोडून पुन्हा सुरुवात करतो. 'हे चाक मी करणार नाही' असे स्पष्ट सांगणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला नाराज करतो, पण विश्वास ठेवावा तर अशाच माणसावर.

आपल्या गोदामातील फोर्कलिफ्टकडेही या निमित्ताने लक्ष जावे. तिच्या काही चाकांत रिमचे दोन अर्धे भाग बोल्टने जोडलेले असतात. चाक उतरवताना हबच्या नटांऐवजी चुकून ते बोल्ट सोडले आणि आत हवा असली, तर तोच प्रसंग ओढवतो.

जुनी रिम राखावी की बदलावी

रिमचे सर्व भाग निर्दोष आणि जुळणारे असतील तर ती राखण्यास हरकत नाही. प्रदर्शनासाठी ठेवलेल्या ट्रकला तर मूळ रूपच शोभते. पण भाग मिळत नसतील, किंवा ट्रक नियमित चालवायचा असेल, तर अखंड ट्यूबलेस चाकांचा पर्याय आहे. ९.००-२० ऐवजी १०आर२२.५, १०.००-२० ऐवजी ११आर२२.५ आणि ८.२५-२० ऐवजी ९आर२२.५ ही समकक्ष मापे आहेत. रिमचा व्यास वाढलेला दिसला तरी टायरची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे वेगमापकाच्या आकड्यात मोठा फरक पडत नाही.

मात्र व्यास जुळला म्हणून चाक जुळले असे होत नाही. स्टडची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास, हबचे मधले छिद्र, नटांच्या बैठकीचा आकार आणि जोडचाकांमधील अंतर हे सर्व जुळावे लागते. जोडचाके एकमेकांना घासली तर टायर तापून फुटतात. डॉज आणि फार्गोसारख्या वाहनांत आणखी एक खुबी असते: डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला कामगार नट सोडण्याच्या समजुतीने तो आणखी आवळत जातो आणि स्टड तुटतो. नवे चाक बसविल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा तपासून आवळून घ्यावेत. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे करता येत नाहीत. म्हणून चाकाचे माप बदलण्यापूर्वी आरटीओत विचारणा करावी.

टायरच्या बाबतीत नक्षी पाहून फसू नये. उभ्या राहिलेल्या ट्रकची नक्षी झिजत नाही, पण रबर मात्र उन्हाने आणि काळाने कडक होते. टायरच्या बाजूवर कोरलेल्या चार अंकांतून त्याचे वय कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढील टायर नक्षी कितीही चांगली असली तरी रस्त्यावर वापरू नये, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. एकाच आसावर नायलॉनचा आणि रेडियल टायर मिसळू नये. नव्या टायरसोबत ट्यूब आणि फ्लॅप नवेच घ्यावेत. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते आणि नव्या टायरमध्ये तिला घडी पडते. ट्रक बराच काळ उभा राहणार असेल तर आसाखाली भक्कम ठोकळे देऊन चाकांवरील भार काढावा.

शेवटचा हिशेब

या साऱ्याला खर्च येतो. पण पेढीच्या हिशेबात हा खर्च रंगाच्या आणि पितळी दिव्यांच्या आधी लिहिला गेला पाहिजे. इंजिन बिघडले तर ट्रक उभा राहील, रंग उडाला तर शोभा जाईल. चाकात दोष राहिला तर मात्र एखाद्या घरातील कर्ता मुलगा जाईल, आणि त्या नोंदीची जमा बाजू कोणत्याही वहीत मांडता येणार नाही.

चाके तपासून झाल्यावर तडकलेल्या किंवा न जुळणाऱ्या रिंगा हातात उरतात. व्यापारी मन त्यांना लगेच भंगाराच्या ढिगात टाकते, कारण वजनावर चार पैसे येतात. पण भंगार बाजारातून हीच रिंग कोण्या गरजू ट्रकमालकाच्या हाती लागते, घासूनपुसून पुन्हा चाकावर चढते आणि तिचा तडा रंगाखाली लपतो. म्हणून सदोष रिंग कारखान्यात नेऊन आपल्या डोळ्यांसमोर तिचे दोन तुकडे करून घ्यावेत आणि मगच ती मोडीत द्यावी. यात जाणारा अर्धा तास आणि कापण्याची मजुरी पेढीच्या नफ्यात कोठेही दिसणार नाही. तरीही ज्या अनोळखी माणसाचे त्यामुळे रक्षण होईल, त्याच्या जिवाची काळजी हीच या कामातील खरी यतना आहे.